आधी सांगितलं असतंस तर

दादा, तुला पुरून महिना होत आला. त्या दिवशी कबरस्तानात पाळकसाहेबांनी मला विचारलं होतं, "बहन के नाते आप दो शब्द कहेंगी?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. वहिनीनं माझा हात दाबला, तिलाही तसंच वाटलं असणार. पण मला जे बोलायचं होतं ते तुझ्या पेटीशेजारी उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं.

बाकीचे बोलले. तुझ्या ऑफिसातले दोघं बोलले, चर्चमधले बोलले. तू किती सरळ होतास, मोठमोठ्या बिल्डरांची कामं घेऊनही त्यांना हवं ते कधी लिहून दिलं नाहीस, दिल्लीपासून गाझियाबादपर्यंत कुणापुढे वाकला नाहीस. सगळं खरं आहे. तू बोलायला लागलास की समोरचा खुर्चीत मागे सरकायचा, हे मात्र कुणी म्हणालं नाही. तू निर्दय होतास, दादा. आता तुला उलट बोलता येत नाही, म्हणून म्हणून घेते.

तुझं काम काय, हे लोकांना समजावून सांगताना मी नेहमी पुलाचं सांगते. बाबांच्या सरकारी क्वार्टरजवळच्या त्या पादचारी पुलावर तू मला न्यायचास. तू कॉलेजात, मी शाळेत. खाली गाड्यांचा नुसता चिखल झालेला असायचा आणि तू विचारायचास, "बेबी, सांग, हे कशामुळे अडलंय?" मी म्हणायचे, गाड्या जास्त झाल्यात. तू माझं डोकं धरून वळवायचास. "तिकडे बघ. तो एक टेम्पो वळतोय ना, त्याच्यामुळे. गाड्या किती आहेत हे नंतर बघायचं. कुठे वळतात ते आधी बघायचं." पुढे तू तेच करत आलास. कुठे मॉल येणार असेल, हॉस्पिटल येणार असेल, उंच टॉवर येणार असतील, तर तिथे किती गाड्या येतील, कुठून आत शिरतील, असलेला रस्ता त्यांना पुरेल की नाही, हे मोजून सांगायचं. तुझ्या एका सहीवर माणसांचे बेत अडायचे किंवा पुढे सरकायचे.

आणि हेही लिहायला हवं की मला प्रकाशशी लग्न करायचं होतं तेव्हा आईबाबांशी तूच भांडलास. मुलगा हिंदू, अमरावतीचा, नोकरी गाझियाबादला. बाबा तीन दिवस जेवले नाहीत. तू त्यांच्या खोलीत गेलास आणि काय बोललास ते मला आजही माहीत नाही, पण बाहेर आलास तेव्हा बाबांनी ताट मागितलं होतं. प्रकाश तुला सख्ख्या मोठ्या भावासारखं मानायचा. पुढे जे झालं ते म्हणूनच त्याला जास्त लागलं.

आमच्या कॉलनीच्या टोकाला मोकळा प्लॉट होता, तुला आठवत असेल. जन्मतःच चालू न शकणाऱ्या आणि पाठीच्या कण्याला मार लागलेल्या मुलांसाठी एक ट्रस्ट तिथे केंद्र काढणार होता. दिवसभर उपचार, शाळा, दुपारचं जेवण. मुलं बसनं येणार. कॉलनीत मीटिंग झाली. सगळ्यांनी तोंडानं ट्रॅफिकचं कारण दिलं. एकीनं चहा पिताना खरं ते बोलून टाकलं, "रोज सुबह उठके ये सब कौन देखेगा, यार." माझं तसं नव्हतं. माझे सासरे, अण्णा, अर्धांगवायूनंतर व्हीलचेअरवर होते. दोनदा त्यांना घाईनं न्यावं लागलं होतं आणि दोन्ही वेळा अॅम्ब्युलन्स कोपऱ्यावर थांबवून त्यांना उचलून न्यावं लागलं. त्यात बसेस आल्या तर काय होईल, याची मला खरीच भीती होती. आमचे अध्यक्ष त्यागीजी म्हणाले, "भाभीजी, आप टीचर हैं, आप बोलिए. आपकी बात में वजन है." मी कबूल झाले.

त्याच सुमारास एका रविवारी तू आलास. हिवाळा होता. म्हणालास, सहज आलो. मी पोहे केले. तू दुसऱ्यांदा मागून घेतलेस आणि प्लेट घेऊन बाहेर अण्णांजवळ जाऊन बसलास. गेटबाहेर प्रकाशनं अण्णांसाठी सिमेंटचा उतार बांधून घेतला होता, रस्त्यावर पुढे आलेला, कडेला कठडा. अण्णा सकाळचे तिथेच ऊन खात बसायचे आणि भाजीवाल्याशी मराठीत गप्पा मारायचे. भाजीवाला बुलंदशहरचा, त्याला एक अक्षर कळत नसे, पण तोही रोज थांबायचा. तू अण्णांचा मफलर नीट केलास. मग गच्चीवर गेलास, गल्लीचे फोटो काढलेस. खाली येऊन म्हणालास, "अण्णा, इकडे बघा." अण्णा हसले. अर्धाच चेहरा हसायचा त्यांचा. "मला एक पाठव रे," म्हणाले. तू म्हणालास, "नक्की."

केंद्राला परवानगी द्यायची की नाही याची जनसुनावणी कॉलनीच्या बारातघरात, लग्नकार्याच्या हॉलमध्ये होती. मी आत आले आणि तुला पुढच्या टेबलाशी बघितलं. मला वाटलं, मी बोलणार म्हणून तू आलायस. मी हात हलवला. तू लॅपटॉपची वायर लावत होतास, मान वर केली नाहीस. मग विकास प्राधिकरणाच्या साहेबांनी ओळख करून दिली, की रस्ता आणि वाहतुकीचा अभ्यास यांनी केलाय. तोवर माझं नाव पुकारलं गेलं होतं. मी उठले. मी अण्णांचं सांगितलं, अॅम्ब्युलन्सचं सांगितलं. चांगलं बोलले मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू उठलास. जन्मभर मला बेबी म्हणणारा तू म्हणालास, "मैडम, एम्बुलेंस आपके घर तक क्यों नहीं पहुँचती, मैं दिखाता हूँ."

आणि भिंतीवर अण्णा आले. एवढे मोठे. अर्धे हसणारे.

"ये सड़क नक्शे में पूरी है," तू म्हणालास. "जमीन पर आधी है. बाकी आधी ये लोग घर ले गए हैं." मग एकामागून एक फोटो. कुणाच्या पायऱ्या, कुणाचा जनरेटर, कुणाची कुंड्यांची रांग, कोपऱ्यावर त्यागीजींचा कुंपण घातलेला लॉन. शेवटी पुन्हा अण्णांवर आलास आणि तिथेच थांबलास. "इन्हें अपने बुजुर्ग के लिए रैम्प चाहिए. दूसरों के बच्चों के लिए रास्ता नहीं देना. बसें तीन-चार आएँगी, अलग-अलग समय पर. इतनी गाड़ियाँ तो आप लोगों के यहाँ एक शादी में आ जाती हैं. सड़क कम नहीं है, मैडम. शरम कम है."

मागे कुणीतरी हसलं. प्रकाश माझ्याशेजारी बसला होता. तो उठून बाहेर गेला.

तू खरं बोललास. एकही फोटो खोटा नव्हता, एकही वाक्य खोटं नव्हतं. मी त्या दिवसापासून कितीदा तरी ते सगळं मनात पुन्हा ऐकलंय, कुठे चूक सापडते का बघायला. सापडत नाही. म्हणूनच राग जात नाही.

संध्याकाळी मी फोन केला. "आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"सांगितलं असतं तर तू रॅम्प तोडला असतास?"

मी विचार करत होते. खरंच विचार करत होते, दादा. तू तेवढाही वेळ दिला नाहीस.

"बघ," म्हणालास, आणि फोन ठेवलास.

केंद्राला तिथल्या तिथे मान्यता मिळाली, रस्ता मोकळा करायच्या अटीवर. तोडफोड पथक आलं ते थेट आमच्या दारात. त्यांच्या हातात तुझ्या अहवालातलं पान होतं, अण्णांचा फोटो असलेलं. फोटो बघून त्यांनी घर ओळखलं. बुलडोझरनं कठडा पाडला तेव्हा अण्णा पुढच्या खोलीत होते. आमचा उतार गेला, शेजारच्यांच्या पायऱ्या गेल्या, पलीकडचा एक ओटा गेला. कोपऱ्यावर पोचेपर्यंत जेवणाची वेळ झाली. जेवणानंतर पथक परत आलंच नाही. त्यागीजींनी कुणाला फोन केला, कुणास ठाऊक.

अण्णांना कुणी सांगितलं, तेही मला माहीत नाही. कॉलनीत अशा गोष्टी दारातून आपोआप आत येतात. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "सुहासनं काढलेला फोटो चांगला आला होता म्हणे. सगळ्यांनी बघितला."

मी म्हटलं, "हो, अण्णा."

"मला नाही पाठवला."

त्यानंतर प्रकाश त्यांना उचलून बाहेर न्यायला निघाला की ते चाकं धरून ठेवायचे. "नको. लोक फोटो काढतात." इतकंच म्हणायचे. भाजीवाला गेटशी थांबून हाक मारायचा, "बाबूजी." ते पडद्याआडून उत्तर द्यायचे नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मधल्या काळात ते गेटबाहेर एकदाही आले नाहीत.

हिंडन नदीच्या घाटावर तू आलास. लांब उभा राहिलास. प्रकाशनं तुझ्याकडे बघितलं नाही. मी तुझ्याजवळ आले तेव्हा तू म्हणालास, "वाईट झालं."

मी म्हटलं, "तू केलंस."

"मी रस्त्याचं सांगितलं, बेबी. जे होतं ते."

मला तेव्हा तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली होती. चिता पेटत होती म्हणून मारली नाही.

केंद्र सुरू झालं. वर्षभरानं तू पुन्हा आमच्या गल्लीत दिसलास, सकाळी, बसच्या वेळेला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. बस कोपऱ्यावर अडली होती. त्या लॉनच्या कुंपणामुळे तिला वळताच येत नव्हतं. तू त्यागीजींच्या चौकीदाराशी वाद घालत होतास. किती वाळला होतास तू. तेव्हाच तुझ्या पोटात ती गाठ वाढत असणार. चौकीदारानं तुला ढकललं आणि तू रस्त्यावर बसलास. एवढ्या ताडमाड माणसाला असं रस्त्यावर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी धावत खाली आले. प्रकाश गेटशी उभा होता. मी म्हटलं, दादाला आत आणू या. प्रकाश शांतपणे म्हणाला, "इथे रस्ता मोकळा आहे. जाऊ दे त्यांना इथून." आणि गेट लावून घेतलं.

मग मी पाणी बाहेरच आणलं. तू आमच्या दारासमोर, उतार होता त्याच जागी उभं राहून प्यायलास. ग्लास परत देताना म्हणालास, "कोपऱ्यावर बस अजून अडते."

मी म्हटलं, "तुझ्या रिपोर्टात ती अडत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यापुढे मान खाली घातलीस. मला बरं वाटलं, दादा. तुझ्या पँटला मागे धूळ लागली होती, तू ती न झटकताच गाडीकडे निघालास, आणि मला बरं वाटत होतं. क्रूरपणा आपल्या घरात तुझ्या एकट्याकडे आला नव्हता.

यानंतर एक गोष्ट झाली जी मी तुला नीट सांगितलीच नाही. मी रिटायर झाल्यावर त्या केंद्रात शिकवायला जाऊ लागले. प्रकाशला आवडलं नाही, पण त्यानं अडवलं नाही. तिथे मुस्कान नावाची मुलगी आहे, इथल्याच विजयनगर वस्तीतून येते. आली तेव्हा तिला बसताही येत नव्हतं. आता दोन दांड्या धरून पाच-सहा पावलं टाकते आणि प्रत्येक पावलानंतर आपण बघतोय ना याची खात्री करून घेते. तू त्या दिवशी हॉलमध्ये तसं बोलला नसतास तर ती आज विजयनगरच्या खोलीत आडवी पडून असती. हे मला कबूल आहे.

आणि तिथेच मी ते बघितलं. बस थांबली की आयाबाई बसच्या पोटातून पत्र्याची एक दुमडलेली फळी ओढते, उलगडून जमिनीला टेकवते आणि व्हीलचेअर खाली येते. मुलं उतरली की फळी परत आत. रस्ता होता तसा. मी बघतच राहिले. अण्णांसाठी एवढंच पुरलं असतं. सकाळी टाकायची, ते आत आले की उचलून ठेवायची. सिमेंटचं काही बांधायची गरजच नव्हती. मला हे माहीत नव्हतं, प्रकाशला नव्हतं. पण तू तर इंजिनिअर होतास.

हॉस्पिटलमध्ये मी तुला तेच विचारलं. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. तुझे हात काड्यांसारखे झाले होते, पण डोळे तसेच होते, मोजणारे. मी म्हटलं, "दादा, ती दुमडायची फळी असते ना, बसमध्ये असते तशी. अण्णांसाठी तुला ती सुचली नव्हती?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली.

"सुचली होती," म्हणालास. "पोहे खातानाच."

"मग?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रॅम्प काढला असता."

"काढलाच असता की."

"मला फोटो हवा होता, बेबी. नुसते आकडे दाखवून त्या हॉलमध्ये कुणी ऐकलं नसतं. त्या मुलांचं केंद्र बारगळलं असतं." मग बराच दम खाऊन म्हणालास, "अण्णा फोटोत चांगले आले होते."

मी उठले, तुझी चादर सरळ केली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली. तू म्हणालास, "उद्या येशील ना?" मी हो म्हटलं आणि जिना उतरून खाली आले. लिफ्टची वाट बघायलाही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुला नळ्या लावल्या होत्या. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "तोडला असता, दादा. तू आधी सांगितलं असतंस तर मी माझ्या हातानं तोडला असता." वहिनीला वाटलं, मी प्रार्थना म्हणतेय. तिनंही हात जोडले. तू ऐकलंस की नाही, ते कळलं नाही.

तू गेल्यावर आठवड्यानं त्यागीजी भेटायला आले, फळं घेऊन. सोफ्यावर बसून म्हणाले, "बड़े सच्चे आदमी थे." मी चहा दिला. प्रकाश वर्तमानपत्र वाचत होता. जाता जाता त्यागीजी म्हणाले, "चलो, अब वो कोने वाली बात भी खतम समझिए. उनके अलावा किसी ने उठाई नहीं थी."

मी म्हटलं, "मैं उठाऊँगी, भाईसाहब."

ते हसले. मग त्यांना कळलं की मी हसत नाहीये.

मी त्यांना सगळं नीट सांगितलं. त्यांच्या लॉनवर त्यांच्या आई बसतात, वय झालेल्या, रोज दुपारी ऊन खायला. मी म्हटलं, "माताजी के लिए अंदर जगह बना लीजिए. मैं सोमवार को प्राधिकरण जा रही हूँ. आपको पहले बता रही हूँ, ताकि उनको तकलीफ न हो." ते उठले. हात जोडले. म्हणाले, "आपने पहले बता दिया, बहुत अच्छा किया."

सोमवारी मी प्राधिकरणात गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितलं, त्या जागेवर कोर्टाचा स्टे आलाय. आदल्याच कामाच्या दिवशी. आता निकाल लागेपर्यंत कुणाला हात लावता येणार नाही. निकाल कधी लागेल, विचारल्यावर ते नुसते हसले, बऱ्यापैकी सहानुभूतीनं.

मी घरी येऊन प्रकाशला सांगितलं. त्यानं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाला, "दादांनी नसतं सांगितलं." तुझं नाव त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतलं.

काल सकाळी बस पुन्हा कोपऱ्यावर अडली. तिथे फळी टेकवायला जागा नव्हती, म्हणून आयाबाईनं मुस्कानला कडेवर घेऊन आणलं. ती आता मोठी झालीय, जड झालीय, तिचे पाय लोंबत होते आणि आयाबाईला मध्येच थांबून तिला वर सरकवावं लागत होतं. लोक बघत होते. मुस्काननं तोंड ओढणीत लपवलं होतं.

दुपारी मी तिथूनच परत येत होते. त्यागीजींच्या आई लॉनवर बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल, मागे ते कुंपण, आणि त्याच्यामागे अर्धा गिळलेला रस्ता. मला बघून त्यांनी हात हलवला. हसल्या. ऊन छान होतं, सगळं एका चौकटीत नीट बसत होतं. माझा हात पर्समध्ये फोनवर होता.

मी फोन बाहेर काढला नाही. तू काढला असतास, आणि बस दारापर्यंत आली असती.